क्लच दाबला होता

११ मार्च १९६३
हरीचा गवत कापायचा कटर आला. उरणच्या बाजूला कुणा बागायतदाराचा लिलाव होता, तिथून धाकट्या बंधूंनी तो उचलून आणला. ट्रॅक्टर माझ्याकडे, कटर त्याच्याकडे. ट्रॅक्टरशिवाय कटर म्हणजे नुसता लोखंडी पलंग, हे लिलावात त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.
चुली वेगळ्या झाल्यापासून आम्हा भावांचं बोलणं बायकांमार्फत चालतं. आज त्याची जानकी मागल्या दारी आली. दोघी जावा बराच वेळ हसत होत्या. मग सौ. आत येऊन म्हणाली, "भावजी इचारतात, खाजनातला रान कापाया ट्रॅक्टर देशाल का?"
"त्याला तोंड नाही का?"
"हाय. पन तुमच्यावानीच हाय."

१२ मार्च
हो म्हणून कळवलं. खाजण, खाडीकाठची ती खारजमीन, तेवढं सामाईक उरलंय. वाटणीच्या वेळी बांध फुटून खाडी आत आलेली, पाण्याची वाटणी कोण मागणार? आता बांध नवा झालाय, मीठही बरंच धुऊन गेलंय. यंदा भात लागेल. पण छातीएवढं गवत, काटेरी झुडपं, आणि मधे मधे जुन्या बांधाचे दगड. कोयत्याने कापत बसलो तर लावणी हुकणार. ह्या वर्षी ते खाजण पिकलंच पाहिजे. वडिलांनी ते डोक्यावरून माती वाहून केलेलं.

१५ मार्च
कटर ट्रॅक्टरला बसेना. कटरच्या पिना जाड, ट्रॅक्टरची भोकं बारीक. ट्रॅक्टरकडून पाती फिरवणारा मागचा दांडा लांब, वर उचलला की टेकतो. पनवेलहून लेथवाले इस्माईल मिस्त्री आले. कटरभोवती फिरले, खाली वाकून पाती बघितली. म्हणाले, "मास्तर, हा पन्नास घोड्यांचा माल. तुमचा ट्रॅक्टर पस्तीसचा. मेहनत खूप करेल बिचारा, पण बरकत नाही."
शाळा सोडून इतकी वर्षं झाली तरी मास्तर काही सुटत नाही.
मी एका बाजूने, हरी दुसऱ्या बाजूने. दोघंही मिस्त्रींना सांगतोय, दांडा इथे कापा, तिथे कापा. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही दोघं एकमेकांना सांगा, मी चहा पिऊन येतो." ते गेले. आम्ही दोघं कटरकडे बघत उभे. 

१९ मार्च
पिना लेथवर बारीक करून आणल्या. दांडा कापला. कटर उचलला आणि ट्रॅक्टरने पुढची चाकं वर केली, अडलेल्या घोड्यासारखी. हरी हसला. मीही हसलो असतो, पण मी वर बसलेलो. पुढे मिठाची पोती बांधली तेव्हा कुठे नाक खाली आलं.
गावात कटरला पंखा म्हणायला लागलेत. बरं नाव आहे.

२० मार्च
पहिला दिवस. सावकाश गिअर, पाती उंच धरून. हरी पुढे गवतात दगड शोधून बाजूला टाकतो, हात वर केला की मी थांबायचं. गवत मागे भुग्यासारखं पडतं. खारट, हिरवा वास. फार बरं वाटलं.
थांबताना ट्रॅक्टर थोडा पुढे सरकतो. माती भुसभुशीत आहे.
आज भावाशी थेट बोललो. एकूण शब्द दोन: "थांब" आणि "चल". तेही त्याने बोलायचे, मी ऐकायचे.

२२ मार्च
 नीट लिहवत नाही.
बांधाजवळ हरी वाकलेला होता, एकदम गवतातून उभा राहिला. अगदी समोर. मी क्लच दाबला. पूर्ण दाबला. ट्रॅक्टर थांबला नाही. पुढे जातच राहिला. मग ब्रेक, दोन्ही पायांनी. हरी मागच्या मागे बांधालगतच्या चरात पडला आणि चाक दगडांच्या ढिगाला अडलं.
घोटा सुजलाय त्याचा, बाकी ठीक. मी चरात उतरलो, त्याला धरून उठवलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, मना बघितला व्हतास नं?"
मी त्याच्या पाठीवरची माती झटकत राहिलो. एवढं सोपं उत्तर होतं. हो, बघितलं, म्हणून तर...

२३ मार्च
सौ. पाणवठ्यावरून आली ती भांडी आपटायला लागली. खोदून विचारल्यावर बोलली. गावात म्हणतात, वाटणीचा राग मास्तरांच्या पायात उतरला. खाजण एकट्याला हवं होतं.
"कोण म्हणतं?"
"कोन नाय म्हनत ते इचारा."
जेवण गेलं नाही. हरीला लहानपणी ह्याच खांद्यावर बसवून खाडी ओलांडायचो. ते ह्यातल्या कुणी बघितलेलं नाही?
हरी काय म्हणतो, हे विचारायची हिंमत झाली नाही.

२५ मार्च
मिस्त्री आले. क्लच उघडला. म्हणाले, "प्लेट अस्सल आहे मास्तर. ब्रेकही ठीक. कसम से, मला यात खोट दिसत नाही."
खोट सापडली असती तर मिठाई वाटली असती. खोट नाही म्हणजे खोट माझ्यात. मिस्त्री तसं बोलले नाहीत, फक्त हात पुसत राहिले, आणि त्यांचं ते हात पुसणं मला सोसवेना. विनाकारण त्यांच्यावर ओरडलो.
दाबला होता. मी दाबला होता.

२७ मार्च
घोट्याची सूज उतरतेय म्हणे. सौ. रोज शेक द्यायला जाते. मी त्यांच्या अंगणाच्या कडेपर्यंत जाऊन परत आलो. आत जानकीचा आवाज येत होता. जाऊन सांगणार काय? मी तुला मारत नव्हतो, असं? हे भावाला सांगावं लागतं तिथेच सगळं संपलं.

२९ मार्च
सापडलं!
पहाटेच मोकळ्या माळावर ट्रॅक्टर नेला, एकटाच. आधी कटरचा दांडा सोडून चालवला. क्लच दाबला, जागच्या जागी थांबला. पुन्हा केलं, पुन्हा थांबला. मग दांडा जोडला, पाती पूर्ण वेगात सोडली, आणि क्लच दाबला. नाही थांबला! पाय खाली दाबलेला, आणि ट्रॅक्टर आपला चाललाय पुढे. पाती मंदावली तेव्हा हळूहळू उभा राहिला.
साधी गोष्ट. सायकलवर आपण पाय थांबवले तरी चाक फिरतं, ते फ्रीव्हीलमुळे. फ्रीव्हील नसेल तर फिरतं चाकच पायांना फिरवतं. इथे तेच. क्लच दाबला की इंजीन सुटतं, पण ती जड पाती फिरतच असतात आणि मागून ट्रॅक्टरच्या चाकांना ढकलतात. त्या दिवशी ट्रॅक्टर मी चालवत नव्हतो, पंखा चालवत होता.
माळावर एकटाच मोठमोठ्याने हसलो. मग रडलो. गुरं राखणारी एक बाई लांबून बघत होती. बघू दे. आणखी एक गोष्ट सांगतील गावात.

३० मार्च
मिस्त्रींना गाठून माफी मागितली आणि सगळं दाखवलं. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, दांड्यात बसवायची फ्रीव्हीलसारखी कपलिंग मिळते, मुंबईत शोधावी लागेल.
सौ.कडून हरीला निरोप धाडला. माळावर ये, ट्रॅक्टर का थांबला नाही ते दाखवतो. तूच वर बस, तूच क्लच दाब.
सौ. परत आली. "भावजी म्हनतात, मना काय बघायचा नाय."
"म्हणजे?"
"म्हंजे काय ते तुमीच जाऊन इचारा. माझे पाय दुखले तुमचे निरोप वाहून."

१ एप्रिल
बघायचं नाही म्हणे. मान्यच करायचं नाही, असंच ना? पुरावा हातात असताना नको म्हणणारा माणूस. लहानपणापासून असाच हट्टी. खाजण पडू दे तसंच. गवत खाऊन राहू.

४ एप्रिल
कालपासून हरी गावात नव्हता. आज संध्याकाळी लंगडत आला, ओटीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी जड ठेवलं आणि वळला. मी आतून बघत होतो. फडकं सोडलं तर कपलिंग. नवी, ग्रीस लावलेली. मिस्त्रींकडून नाव लिहून घेऊन मुंबईत दुकानं हिंडला म्हणे, त्या पायाने.
हाक मारली, "हरी, चहा घेऊन जा."
"जानकी वाट बघतेय." गेला.
चहाला नाही म्हणाला. पण मुंबईला गेला. ह्याचा काय अर्थ लावायचा? सौ. म्हणते, "तुमी शाळंत काय शिकवत व्हतात वो?"

६ एप्रिल
कपलिंग बसली. मिस्त्रींनी माळावर चारदा तपासलं. क्लच दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी उभा, मागे पाती आपली फिरत राहतात. सुरेख. उद्या खाजणात. हरीला सांगायला हवं, पुढे कुणी नको. दगड आधी वेचून घेऊ, मग चालवू.
सांगितलं नाही. सकाळी सांगेन.

७ एप्रिल
मी पोचलो तर हरी आधीच खाजणात, ट्रॅक्टर लावायच्या ओळीत समोरच. दगड वेचत होता. माझ्याकडे पाठ करून.
इंजीन सुरू केलं, पाती सोडली. इतका आवाज, तरी त्याने वळून बघितलं नाही. वाकला, दगड उचलला, फेकला, पुन्हा वाकला. मी ओरडलो, "हरी, बाजूला हो!"
तो न वळताच ओरडला, "तू चालव. मी हाय हितं."
सदऱ्याला पाठीवर घाम. मान वडिलांसारखी.
पाय क्लचवर. कपलिंग नवी, तपासलेली, सगळं ठाऊक होतं. पाय उचलला की ट्रॅक्टर निघणार, पण तो उचलेना.  मग इंजीन बंद केलं, उतरलो, आणि त्याच्या शेजारी जाऊन दगड वेचायला लागलो. त्याने जरा सरकून जागा दिली. मोठा दगड आला की दोघं मिळून उचलायचो.
उन्हं चढली तरी ओळ अर्धीही झाली नव्हती. ट्रॅक्टर मागे तसाच उभा. हरीने पाठ सरळ केली, एवढं मोठं खाजण बघितलं आणि म्हणाला, "दादा, असा दोघांनी वेचत बसलो तं पाऊस येल."
मी म्हटलं, येऊ दे.