बोंडीचे तळवे

१४ एप्रिल
डांबर किती तापलं की कुत्र्याचा पाय भाजतो? मला माहीत नाही. बी.एस्सी. झाले तरी नाही! आणि घरमालकीण कुंदाकाकूंनी आज नेमकं हेच विचारलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना जिना उतरवत नाही, म्हणून त्यांच्या कुत्रीला, बोंडीला, फिरवणं माझ्याकडे आलंय. "तू शिकलेली, तुलाच कळेल." तिकडे दर्यापूरला बाबाही गावभर सांगत असतात – "आमच्या घरातली पयली ग्रॅज्युएट हाय थे!"
मी ठासून म्हणाले, "तळव्यांना खोबरेल लावून नेते." का म्हणाले? माहीत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून.

१५ एप्रिल
मी घेते ती सकाळची शिकवणी साडेदहाला सुटली. तेल चोळलं, निघालो. राजापेठच्या चौकापर्यंत बोंडी काय ऐटीत! कापसाचं फुटलेलं बोंडच चाललंय. परतताना मात्र सारखी बसायची. मला वाटलं, लाडात आली.

१६ एप्रिल
तळव्यांवर फोड. एकाची कातडी निघालीय. प्राण्यांचे डॉक्टर घरी येऊन बघून म्हणाले, "चटका असेल, नाहीतर ॲसिडबिसिड." काकूंनी पुढचं ऐकलंच नाही. खाली राहणाऱ्या नितेशदादांनी परवा अंगणातली फरशी ॲसिडने धुतली होती!
मी खोबरेलाची बाटली फळीवर मागे सरकवली.

२० एप्रिल
जखमा सुकतायत. दुपारभर बोंडी माझ्या मांडीवर. जुन्या मोज्यांचे चार छोटे मोजे शिवले. घातले तर एकेक पाय असा झाडते! काकू डोळे पुसेपर्यंत हसल्या – "नवरीला जोडे चावून राहिले वाटते!"

२३ एप्रिल
खालच्या ललितावहिनींनी डब्यातून कैरीचा मेथांबा पाठवला. काकूंनी डबा रिकामा परत केला. रिकामा! चिमूटभर साखरसुद्धा नाही.
जिन्यात नितेशदादा भेटले. "कावून वं, चालते का आता ते? म्या तं तीनदा पाणी मारलं फरशीवर. मले काय मालूम..." वर बघेनात.

२४ एप्रिल
डॉक्टरांना फोन करून सगळं खरं सांगितलं. "तेल लावून अकराच्या उन्हात? अगं, कातडी मऊ पडली, मग भाजणारच! तेल रात्री लावायचं. आणि निघताना आपला हात उलटा करून रस्त्यावर ठेव, सातपर्यंत मोज. तुला सोसलं नाही तर तिलाही सोसणार नाही."
इतकं सोपं. कुणालाही विचारता आलं असतं.
काकूंना सांगितलं तर बोंडी पुन्हा माझ्या हाती देतील?

२६ एप्रिल
पहाटे साडेपाच. रस्त्यावर हात ठेवला – गार! मैदानातल्या गवतावर बोंडी चक्क धावली. शेपटी, कान, सगळंच उडत होतं. मीही धावले. घरी आल्यावर कोमट पाण्यात एकेक पाय, बोटांच्या फटी नीट कोरड्या. किती दिवसांनी इतकं छान वाटलं.
तेवढ्यात काकू – "तुझ्यामुळे वाचली गं. खालच्यांनी तर मारलीच होती."
मी चहा तसाच ठेवून बोंडीचे मोजे धुवायला घेतले.

२७ एप्रिल
सांगितलं. नितेशदादा आणि वहिनींना वर बोलावलं, आणि तिघांसमोर एका दमात – ॲसिड नव्हतं, माझं तेल होतं, आणि अकराचं ऊन. मग बोंडीचा पट्टा काकूंच्या हातात ठेवला.