तिकीट परतीच्या गाडीत

बाभुळगाव,
ता. १९ नोव्हेंबर

प्रिय अपेक्षा,

सप्रेम जयभीम. नऊ दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले. रागावलीस ते बरोबरच आहे. आईला कायमची राहायला बोलावलं, तिच्यासाठी खोली लावली, पडदे बदलले, आणि ही बाई अठ्ठावीस दिवसांत पिशवी उचलून परत निघाली! काहून चाललीस आई, एवढं एकच तू निघताना विचारलंस. घराकडे बघावं लागते म्हणून मी टाळलं. खरं कारण वेगळं होतं. ते आज लिहिते, शेवटपर्यंत वाच.

पहिल्या दिवशी क्वालालंपूरच्या विमानतळावर मला अडीच तास बसवून ठेवलं. तू बाहेर रडकुंडीला आली होतीस. चूक माझीच, म्हणजे माझ्या नोकरीची. काउंटरवरच्या साहेबानं रिटर्न तिकीट विचारलं तर मी ऐटीत म्हणते, वो तो आते टाइम गाडी में लेंगे. आता काय करू? चोवीस वर्षं यवतमाळ-धामणगाव गाडीवर कंडक्टर होते. जाताना परतीचं तिकीट कोणाला दिल्याचं आठवत नाही. ज्याला यायचं तो तिकडून बसते अन् तिकीट काढते. विमानाचंही तसंच असेल असं वाटलं. तूही परतीचं नंतर बघू म्हणाली होतीस, मग मी कायले विचारते! साहेबानं पासपोर्ट ठेवून घेतला आणि मला बाजूच्या खोलीत बसवलं. बिनतिकीट प्रवासी मी किती उतरवले असतील, पण त्यांना कसं वाटत असेल ते त्या खुर्चीवर बसल्यावर समजलं.

मग हिंदी येणारी एक अधिकारी बाई आली. बोलायला चांगली होती, खोटं कशाला सांगू. किती दिवस राहणार, लेक काय करते, सगळं विचारून झाल्यावर ती म्हणाली, "वापस किसके पास जाओगे?"

मी म्हटलं, "किसी के पास नहीं. अकेली हूँ."

तिनं पेन खाली ठेवलं. तिकीट नाही, घरी माणूस नाही, मग तुम्ही परत जाल हे मी कशावरून समजू, म्हणाली. मी पर्समधून काढून काय दाखवावं, तर घराची किल्ली! ती बिचारी हसली. किल्ली दाखवून कोणी सोडते का? तेवढ्यात तू बाहेरून परतीचं तिकीट काढून पाठवलंस, शिक्का बसला आणि मी सुटले. टॅक्सीत तू म्हणालीस, हे दाखवायपुरतं आहे, रद्द करू, आणि बाभुळगावचं घर शेजारच्या नंदाबाईच्या जावयाला विकून टाकू. मी हो म्हटलं. तेव्हा मी राहायचं ठरवूनच आले होते, शपथेवर सांगते.

पण माझी मोजायची सवय जात नाही. गाडी सुटायच्या आधी डोकी मोजायची आणि तिकिटांशी जुळवायची. तुझ्या घरात मोजलं तर जुळेना. जोडे एकाच मापाचे, ब्रश एक, टॉवेल एक. कपिलराव सिंगापूरला कामावर गेलेत म्हणालीस, पण अठ्ठावीस दिवसांत जावयाचा एक फोन नाही. त्यांच्यासाठी नेलेला चिवडा तू रोज मलाच वाढलास, त्यांना थोडा ठेवू असं एकदाही म्हणाली नाहीस. मी विचारलं नाही. गाडीत एखादी बाई खिडकीकडे तोंड करून बसली की कुठं जायचं तेवढंच मी विचारायचे, काहून जायचं ते नाही. पण तू माझी लेक आहेस, तुला विचारायला पाहिजे होतं. माझी जीभ रेटली नाही, कारण अर्धा दोष माझा होता. लेक विदेशात, जावई विदेशात, असं मी गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले होते. तशा गावात तू एकटी कोणत्या तोंडानं येशील, म्हणून मलाच तिकडे बोलावलंस. तिकीट रद्द करायचं तू दोनदा विसरलीस. तिसऱ्यांदा आठवण झाली तेव्हा मीच राहू दे म्हटलं.

मी राहिले असते तर तुला सोबत झाली असती, हे मला कळते. पण इकडचं घर विकलं गेलं असतं. उद्या तुला कोणी विचारलं असतं, वापस किसके पास, तर तूही माझ्यासारखीच म्हणाली असतीस, किसी के पास नहीं. ते माझ्यानं सहन झालं नसतं, म्हणून परत आले. नंदाबाईला घर द्यायचं नाही म्हणून सांगून टाकलं. तुझी खोली झाडली, गादीला ऊन दिलं. यवतमाळहून किल्ली करून आणली, ती या पाकिटात आहे. नवी आहे, घट्ट बसते, जराशी वर उचलून फिरव. कपिलरावांचं काय करायचं ते तू ठरव, तिथं राहायचं तर राहा. यायचं झालं तर तारीख कळवायची गरज नाही, गावाला काय सांगायचं ते मी बघते. आणि कोणी विचारलंच कोणाकडे चालली, तर माझ्यासारखी किल्ली दाखवत बसू नको. आई आहे घरी, एवढं सांग.

तुझीच,
बाभुळगावची आई