झटका म्हणजे करंट

फुलसावंगी, ता. महागाव
१९ जानेवारी २०२५, रविवार

चि. फैज यास,

अब्बाचा सलाम आणि पुष्कळ दुआ. मी इकडे बरा आहे, तूही चाकणला बरा असावास. फोनवर तू "हां अब्बा, ठीक अब्बा" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसलो. घरात आपण जे बोलतो ते मला कागदावर आणता येत नाही, माझा कागद मराठीच. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण वेलांटी चुकलेली सापडली तर दाखव.

हरभऱ्याला पाणी देणं चालू आहे, त्यामुळे विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी रोज वाइंडिंगला येतात. दुकानात मी एकटाच. तार ओढताना पलीकडचं टोक धरायला कोणी नाही, भिंतीतल्या खिळ्याला बांधून घेतो. खिळा कुरकुर करत नाही, बोलतही नाही. घरी खिचडी एकदाच टाकतो, दोन्ही वेळा होते. तुझी अम्मी असती तर मला हसली असती.

निकालाचं वकीलसाहेबांनी तुला कळवलं आहेच. तरी नीट सांगतो, कारण सुनावणीला तू नव्हतास. तुला फिट येतात असं लिहून सशस्त्र पोलिसांच्या भरतीत तुला मेडिकलमध्ये काढलं होतं आणि फेरतपासणीतही तेच कायम केलं होतं. हायकोर्टानं ते रद्द केलं. आता मेंदूचा डॉक्टर असलेलं नवं मंडळ तुला सहा फेब्रुवारीला नागपूरला तपासणार. त्यात पास झालास तर नेमणूक.

बोलणं सगळं इंग्रजीत चाललं होतं. मी मागच्या बाकावर. तेवढ्या इंग्रजीत एक शब्द माझा होता, झटका. तो आला की मी सरसावून बसायचो. मुद्दा असा, की भरतीच्या मेडिकलला डॉक्टरनं हिंदीत विचारलं, "कभी झटके आये हैं?" आणि मोटर वाइंडरच्या पोरानं "हां सर" म्हटलं. डॉक्टरचा झटका म्हणजे फिट, आपल्या दुकानात झटका म्हणजे करंट, दुसरं काय असणार? न्यायमूर्ती हसले. मी उठून उभाच राहत होतो, शिपायानं खुणेनं खाली बसवलं. हा मुद्दा वकिलांचा नाही, माझा. त्यांच्या मसुद्यात 'इलेक्ट्रिशियनचा मुलगा' असं होतं, तेही मीच खोडायला लावलं. इलेक्ट्रिशियन वेगळा, वाइंडर वेगळा.

येताना यवतमाळहून पेढे आणले आणि गावात वाटले. तांड्यावरचा उत्तमसिंग मोटर घेऊन आला होता. पेढा तोंडात टाकून म्हणतो, "गफ्फारभाई, आता फैज आला का तुमाले सॅल्यूट माराव लागन!"

मी म्हटलं, "मले नाही, तुले लागन. मी बाप आहो."

उरलेला डबा घेऊन मंगळवारी महागावला गझालाकडे गेलो. तिनं डबा घेतला, उघडला नाही. जावई कामावर गेले होते. म्हणाली, "अब्बा, उसको मत भेजो."

"काहून?"

ती गॅसकडे तोंड करून उभी राहिली. दूध उतू चाललं होतं तरी बंद करेना. मग म्हणाली, "अब्बा, वो समझा था. डॉक्टर ने जो पूछा, वो बराबर समझा था."

तुझ्या बहिणीवर रागावू नकोस. तुला दिलेली कसम तिनं मोडली, पण मीच आधी आवाज चढवला होता. यवतमाळच्या खोलीवर अभ्यास करताना तू पडलास, नंतर पुन्हा पडलास, तिनं तुला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या चालू आहेत, हे सगळं तिनं सांगितलं. भरतीच्या वेळी तीच तुला म्हणाली होती, नाही म्हणून सांग, दिसतं थोडंच कुणाला. तेव्हा तू म्हणालास, "बाजी, हातात बंदूक देतील. बाजूला दुसऱ्याचं पोरगं उभं असेल."

मी महागावच्या स्टँडवर येऊन बसलो. फुलसावंगीची गाडी लागली, भरली, निघून गेली. मी बसूनच.

मेडिकलहून आलास तेव्हा तू एवढंच म्हणालास, झटक्याचं विचारलं, मी हो म्हटलं. बाकीचं सगळं मी बोललो. आधी हसलो, मग चिडलो, मग वकील शोधला. ईदला तू गाडी चालवायला नाही म्हणालास आणि माझ्या मागे बसलास. मी म्हटलं, साहेब झाले, आता ड्रायव्हर लागतो. वकीलपत्रावर सही करताना तू विचारलंस, "अब्बा, जिंकलो तर?" मला वाटलं, घाबरून उलट बोललास. मी म्हणालो, "हरलो तर, असं म्हण." तुझं वाक्य मी दुरुस्त केलं, फैज. आणि तू सही केलीस. अर्जात तुझ्या सहीच्या वर जे लिहिलं आहे ते माझं आहे, तुझं नाही.

परवा वकीलसाहेबांचा फोन आला. म्हणाले, आधीच्या मेडिकल रिपोर्टमध्ये काही दिसत नाही, मंडळासमोर पोरानं तोंड उघडलं नाही तर काम झालंच समजा. मी लगेच नाही म्हणालो नाही. वर्दीतला तू मला दिसत होतास. फोन कानाला तसाच धरून होतो, ते हॅलो हॅलो करत राहिले. मग म्हणालो, मुलाला विचारून सांगतो.

तर विचारतो. माझं मत असं, की जाऊ नकोस. गेलासच, तर पहिल्या डॉक्टरला जे सांगितलं तेच सांग. गावाचं माझं मी बघतो. काल उत्तमसिंग मोटर न्यायला आला, त्याला सांगितलं, फैज काही आता जाणार नाही.

"काहून?"

"झटका येते त्याले."

"मंग त्याले म्हणा, मेन बंद करून काम करत जाय," म्हणाला आणि मोटर खांद्यावर टाकून गेला. मी समजावत बसलो नाही.

आता मुख्य गोष्ट. करंट लागलेल्या माणसाचं काय करायचं ते मला येतं. आधी मेन पाडायचा, कोरड्या लाकडानं माणूस बाजूला करायचा, तोवर त्याला हात लावायचा नाही, पोटचं पोरगं असलं तरी. तुझ्या झटक्याचं मला काहीच येत नाही. गझालाला विचारता आलं असतं, पण मला तुझ्याकडून ऐकायचं आहे. तू घरी ये. आणि आलास, आणि माझ्यासमोर पडलास, तर मी काय करू? हात लावू की नको, तेवढं लिहून पाठव.

हे एक न शिकलेला,
तुझा अब्बा