मुलींच्या खोल्यांचे पत्ते

शनिवार, ९ जून. लातूर

पुण्याच्या परिषदेत काल वक्त्याने एक चूक दाखवली: लिंकमधला शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्याची माहिती उघडते. सगळे हसले. मी नाही. आमच्या कोचिंग क्लासचं निकालाचं पान मी तसंच बांधलंय.

आज सरांना सांगितलं. म्हणाले, "मार्क तर आपण दर सोमवारी भिंतीवर लावतो की, मॅडम. लपवायचं काय हाय त्यात?"

भिंतीवर फक्त मार्क असतात. पानावर खोलीचा पत्ताही आहे. मुली खोल्या बदलतात. रविवारी डबा घेऊन गावाहून येणाऱ्या वडिलांना सापडावं म्हणून तो मीच टाकला. कोणी मागितला नव्हता.

संध्याकाळी सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या. मंगळवारी कोणीतरी ओळीने आकडा बदलत गेलंय. मुलांची पानं एकदा उघडलीत, मुलींची दोनदा. पुन्हा मोजलं. दोनदाच.

सरांना न विचारता पान बंद केलं. मग नायगावला पहिला फोन लावला.

"बोला मॅडम, पोरीचे मार्क वाढले का?"

कसं सांगायचं? खोली तीच आहे का, एवढंच विचारलं.

"हाव, तीच हाय. एकटीच राहते, अभ्यास चांगला होतो म्हणती."