आईचा स्वतःचा पत्ता

ता. ९ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुमच्या ई-टपाल समितीच्या फर्मानाचा मसुदा पोचला. जूनपासून म्हणे उघडं टपाल कुणी घ्यायचं नाही, निरोप कुलूपबंद नसेल तर दारातूनच परत! माझं टपालाचं यंत्र म्हातारं आहे गं. अख्ख्या गल्लीचे निरोप बिनतक्रार पोचवतं, पण त्याला कुलूप कसं बसवायचं? आणि घरच्या पत्रांना मुळात कुलूप हवंच कशाला?

दुसरं तुझं खूळ, आईला आपल्या लिपीत स्वतंत्र पत्ता. या यंत्राला इंग्रजी अक्षरांपलीकडे काही कळत नाही आणि तुझ्या आईला ती वाचता येत नाहीत. म्हणून तर तुझी पत्रं मी रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवतो. अडलंय कुठे?

कामापायी जेवण टाळू नकोस. लोभ आहेच, तो मी कुलपात ठेवत नाही.

बाबा

ता. २ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

उघडं पत्र वाटेतलं कुठलंही यंत्र वाचू शकतं, बाबा. कुलूप त्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

परवा समितीत चांगलीच जुंपली. बहुतेकांचं म्हणणं, आधी कुलपं बसवू, इतर लिप्यांतल्या पत्त्यांचं नंतर बघू. मी म्हटलं, नंतर म्हणजे कधीच नाही. यंत्रं एकदा बदलायला घेताय, तर दोन्ही कामं उरकून टाका. अध्यक्षबाई वैतागून म्हणाल्या, एवढी घाई कुणासाठी? आईसाठी, असं सांगून टाकलं. सगळे हसले, पण मसुदा बदलला.

मला आईला एकटीला लिहायचंय. तुमच्यावर रुसून नाही, काही गोष्टी आईलाच सांगाव्याशा वाटतात. सुट्टीत येते, नवीन यंत्र आपण दोघं मिळून बसवू. रागावलात तरी चालेल, माया पातळ करू नका.

ठकू

ता. १७ जून

चि. ठकूस आईचे आशीर्वाद.

हे माझ्या हातचं, माझ्या पत्त्यावरून पहिलं पत्र. नवीन यंत्र बसवून तू गेल्यावर बाबांनी माझा परवलीचा शब्द चिठ्ठीवर उतरवून खिशात ठेवला, मी विसरेन म्हणून. मी तो शब्दच बदलला. मग बाबा दोन दिवस गाल फुगवून बसले होते. आत्ताही दाराशी येऊन विचारून गेले, काय एवढं लिहितेस? हवापाणी, म्हटलं.

आता खरं सांगते. तुझं पत्र वाचताना ते मध्येच अडायचे, चष्मा पुसायचे आणि 'इथे हवा छान आहे' असं म्हणून पुढे जायचे. इतकी वर्षं कुणाकडे हवा सारखी छान असते का गं? तुझं दुःख ते गाळत होते, मला त्रास नको म्हणून. मला कळायचं. त्यांचं मन मोडवत नव्हतं म्हणून मी गप्प ऐकायचे आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

ते गाळलेलं सगळं आता मला लिही, पोरी. काही म्हणजे काही लपवू नकोस.

बाबांनाही वेगळं पत्र टाकत जा. मला वाचून दाखवायला काही नसलं की संध्याकाळी नुसते येरझाऱ्या घालतात. त्यात हवा छान आहे एवढं मात्र तूच लिही, म्हणजे वाचताना त्यांना अडावं लागणार नाही.

तुझी
आई