जाळरेषेवरची थाळी

माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायला सोपं जातंय. मामाची सुरतहून पत्रं यायची ती मीच तुला वाचून दाखवायचे. तू चुलीपुढे भाकरी थापत असायचीस, मी दाराच्या उजेडात पाय पसरून बसायचे, आणि मामीच्या दुखण्याचं किंवा मामाचं काम सुटल्याचं काही आलं की तेवढं गाळून पुढे जायचे. तू भाकरी तव्यावर टाकून विचारायचीस, "एवढंच लिहिलं त्यानं?" मी म्हणायचे, एवढंच. मग तू एक लाकूड उचलायचीस, जमिनीवर दोनदा आपटायचीस आणि चुलीत सारायचीस. हे आपटणं तू कधी चुकवलं नाहीस. लाकडात मुंग्या असतात, त्यांना पडायला वेळ द्यायचा. वाळवी लागलेलं लाकूड तर तू बाहेर उन्हातच ठेवून द्यायचीस आणि मग सरपण कमी पडलं म्हणून आमच्यावर करवादायचीस. मला तेव्हा भूक लागलेली असायची आणि तुझ्या या मुंग्यांच्या लाडांचा भयंकर राग यायचा.

आज सकाळी आपल्या डोंगराची जाळरेषा जाळली. तुझ्या वेळी हे काम तुम्ही बायकाच करायच्या. कापसाची वेचणी उरकली की मोताळ्याच्या बाजारातून नवे विळे यायचे आणि तुम्ही दहा-बारा जणी भाकरी बांधून डोंगराला लागायच्या. शाळेला सुट्टी असली की मीही तुझ्या मागे. डोंगराच्या कडेकडेनं रुंद पट्टा आखायचा, त्यातलं गवत कापायचं, पाला दंताळ्यानं मधोमध ओढायचा आणि थंडी सरायच्या आत तो पट्टा आपल्या हातानं जाळून टाकायचा. म्हणजे उन्हाळ्यात वणवा आला तरी तिथे त्याला खायला काही मिळत नाही, तो तिथेच बसतो. पुढे वनखात्याच्या प्रशिक्षणात हेच मला फळ्यावर बाण काढून शिकवलं, तेव्हा मी वहीत काही लिहिलं नाही म्हणून बोलणीही खाल्ली.

जाळायचा दिवस मला अजून दिसतो. पट्टा तयार आहे. जुना गार्ड काठीवर हनुवटी टेकवून उभा आहे, त्याला लवकर घरी जायचंय. बायकांच्या हातात पेटवायला पाचटाच्या मुठी आहेत. आणि तू आपली पितळी थाळी काढतेस, तीच, जिच्यात आपण जेवायचो, आणि दगडानं ती वाजवत पट्ट्याच्या कडेनं चालायला लागतेस. "निघा बाप्पा, निघा. आग येऊन राह्यली. लेकरं घेऊन निघा." बायका पदर तोंडाला लावून हसतात. एक जण म्हणते, पंचशील पाळून राह्यली ही. गार्ड वैतागतो. "काऊन वं, जनावराईले नोटीस देऊन राह्यली का?" तू थांबत नाहीस, चालता चालताच त्याला सांगतेस, "घर जायाच्या आधी सांगा लागते, साहेब."

त्यावर गार्ड तोंड फिरवून बिडी पेटवतो. त्याचं घर सडकेच्या कामात गेलं होतं, ते सगळ्या गावाला माहीत होतं. तू ते धरून बोललीस की सहज, हे मी तुला कधी विचारलं नाही.

आणि मग ते निघायचे. आधी टोळ उडायचे, मग सरडे. मग गवत एका रेषेत हलायचं आणि ससा बाहेर पडून, आमच्याकडे एकवार बघून, उताराला लागायचा. घोरपड यायची ती अगदी नाइलाजानं, कोणी झोपेतून उठवल्यागत. कधी मुंगूस, कधी साप. आणि सगळ्यात शेवटी तितर. ते पिल्लं घेऊन निघायचं, दहा पावलं पळायचं, थांबायचं, मागे राहिलेल्याला हाक मारायचं. तू तिथे उभी राहायचीस, थाळी पोटाशी धरून. शेवटचं पिल्लू दिसेनासं झालं की मागे वळून म्हणायचीस, "निघाले समदे. लावा आता." तोवर गार्डानं दुसरी बिडी ओढून झालेली असायची.

मला नोकरी लागली तेव्हा तू मला ती थाळी दिलीस. लोक लेकीला साडी देतात, घड्याळ देतात. मी खाकी घालून, खांद्यावर तारे लावून दारात उभी, आणि तू पोचे पडलेली थाळी माझ्या हातात ठेवतेस. मला हसू आलं. तू म्हणालीस, "हसाचं त हस. पण लावाच्या आधी थांबाचं." मी ती सरकारी जीपच्या मागच्या पेटीत टाकली. तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी ती काढून घासली, परत पेटीत ठेवली. तेव्हापासून ज्या ज्या ठिकाणी बदली झाली तिथे तिथे ती आली. ड्रायव्हर बदलले की नवा विचारतो, म्याडम, ही कायची थाळी? मी म्हणते, जेवायची.

आता मी आपल्याच भागात साहेब होऊन आले आहे. वणव्याचा सगळा कारभार माझ्याकडे. तुला वाटेल, पोरगी मोठी झाली. काय मोठी झाली ते सांगते. उपग्रह आता आपल्या डोंगरावरून फिरतो, माय. कुठे आग दिसली की माझ्या मोबाइलवर लाल ठिपका येतो. ठिपका येईपर्यंत टेकडी जळून झालेली असते. मग मी गार्डला फोन लावते, त्याला रेंज नसते. तो पोचतो तेव्हा राखेतून धूर निघत असतो, आणि वरून मला विचारणा येते की ठिपका विझवल्याचा फोटो कुठे आहे. मग आम्ही राखेपुढे उभं राहून फोटो काढतो. पाला उडवायची यंत्रं आली आहेत, पाठीला बांधायची. चांगली आहेत, पण ज्याला ती चालवता येतात त्या पोराला उन्हाळ्यापुरतंच कामावर घेतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो पुण्याला कुठल्या कंपनीत लागलेला असतो. नव्याला शिकवेपर्यंत डोंगर काळा होतो.

गावोगाव सभा घेते. लोक चहा देतात, मान डोलावतात, आणि प्रत्येक गावात मला एकच वाक्य ऐकायला मिळतं की आमच्या गावचं कोणी नसते म्याडम, हे त्या पलीकडच्याईचं काम आहे. पलीकडचे अलीकडच्यांकडे बोट दाखवतात. मोहाची फुलं पाल्यात दिसत नाहीत म्हणून झाडाखाली पेटवतात आणि घरी जेवायला निघून जातात. पुढच्या पावसाला चारा कोवळा यावा म्हणून पेटवतात. गुरं पकडली म्हणून आमच्यावरच्या रागानं पेटवतात. मला त्यांचा संताप येतो आणि मग त्यांच्या ओसरीवर बसलं की येत नाही, कारण ही माझीच माणसं आहेत, आणि ती वाईट नाहीत. त्यांना फक्त डोंगर संपेल असं वाटतच नाही. तो कायम तिथे होता, असणार. मी सांगते, ऐकतात, पण माझ्या सांगण्यानं एकाही आगपेटीचा गुल ओला झालेला नाही.

आपला माथा गेल्या काही उन्हाळ्यांत लागोपाठ जळला. तू ओळखणार नाहीस. अंजनाची नवी रोपं येतात, गुडघ्याएवढी होतात, जळतात. आता येतही नाहीत. जिथे तुम्ही सावलीला भाकरी सोडायच्या तिथे नुसती घाणेरी माजली आहे. नाला दिवाळीलाच आटतो. राहिली आहे ती एक दरी, डोहाकडची, जिथे तू मला पाणी प्यायला न्यायचीस. ती अजून जळलेली नाही. का, ते मला माहीत नाही, माझं त्यात काही कर्तृत्व नाही. पण या वर्षी ठरवलं होतं की बाकी काही वाचलं नाही तरी ती दरी वाचवायची. पट्टा नीट आखून घेतला, रुंद कापून घेतला. मला वाटत होतं की सगळीकडून हाकललेलं जे काही जिवंत असेल ते आता त्या दरीतच आणि तिच्या तोंडाशी असलेल्या त्या गवतातच असणार. तेवढं असलं तरी पुरे होतं मला.

पट्टा जाळायला आज पहाटेच गेलो, दव होतं तोवर. तुमच्या टोळीतली एकच जण आता उरली आहे, शेजारची मावशी, जी पंचशीलावरून तुला चिडवायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय, ऑपरेशनला खामगावला न्यायचं म्हटलं की आज नाही उद्या करते. कामाला ती कशाची येणार, पण जाळरेषा आहे म्हटल्यावर हट्टानं जीपमध्ये येऊन बसली. तिला खालच्या दगडावर बसवलं. गार्ड पलिता घेऊन तयार होता. मी म्हटलं, थांब. पेटीतून थाळी काढली.

वर्दीत होते, माय. माझ्या हाताखालची माणसं बघत होती. मला वाटलं होतं, मला लाज वाटेल. एक दगड उचलला आणि चालायला लागले. इतकी वर्षं शहरात, कार्यालयांत बोलून माझी बोली पार धुऊन निघाली आहे, लोक मला पुण्याची समजतात. पण तोंड उघडलं तर तुझंच वाक्य बाहेर आलं. निघा बाप्पा, निघा. लेकरं घेऊन निघा.

काहीच निघालं नाही.

मी पट्ट्याच्या टोकापर्यंत गेले. वाटलं, मी हळू वाजवतेय. परत येताना जोरात वाजवली, थाळीला नवा पोचा पडला. कापलेल्या पट्ट्याला लागून गवत उभं होतं, माझ्या कमरेएवढं, चांगलं दाट, आणि त्यात एका जागी सुद्धा हललं नाही. एक सरडा नाही. टोळ दोन-चार उडाले असतील, तेही माझ्या पायानं. मी थांबून कान दिला. आवाज होता तो माझ्या श्वासाचा. मी तिसऱ्यांदा निघाले तेव्हा गार्ड म्हणाला, म्याडम, वारा उठन आता. बिचारा दुसरीकडे बघून म्हणाला. आपली साहेब रिकाम्या गवतात थाळी वाजवत रडतेय, हे बघितल्याचं त्याला दाखवायचं नव्हतं.

म्हणजे दरी वाचली होती, आणि तिच्यात वाचवायला कोणी नव्हतं. झाडं उभी आहेत म्हणून मी समजत होते की आत कोणी असेल. इतक्या वर्षांची नोकरी मी एका रिकाम्या घराला कुलूप लावण्यात घालवली असं मला तिथे उभं राहून वाटलं, आणि हे लिहितानाही तसंच वाटतंय. कोणी म्हणेल, येतील परत, जंगल पुन्हा धरतं. मीही सभांमध्ये हेच सांगते. यायला कुठून तरी निघावं लागतं ना. आजूबाजूचा सगळा डोंगर मी बघितलाय.

खालून मावशीनं हाक मारली. तिला दिसत नव्हतं, थाळी थांबलेली तेवढी ऐकू आली होती.

"निघाले का वं समदे?"

"हाव मावशी, निघाले."

"तितर होतं?"

"होतं. पिल्लं घेऊन गेलं."

"तुह्या मायच्या वक्ती शेवटी तेच निघे," ती म्हणाली. "मंग लाव आता."

मी गार्डला खूण केली. पट्टा छान जळला, इतका नीट जळलेला मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. धूर सरळ वर गेला, एक ठिणगी पलीकडे पडली नाही. मावशी दगडावर बसून वास घेत होती आणि समाधानानं हसत होती. जाताना जीपमध्ये तिनं ड्रायव्हरला तितराची आणि पिल्लांची सगळी हकीकत सांगितली, जणू तिनंच पाहिली. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

थाळी आता इथे टेबलावर आहे, काजळी लागलेली. उद्या घासेन. पुढच्या वर्षी वाजवेन की नाही ते माहीत नाही, बहुतेक वाजवेन, मावशी असली तर. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. पण तू आत्ता चुलीपुढे असतीस आणि वाचून दाखव म्हणाली असतीस, तर मी दाराच्या उजेडात बसून वाचलं असतं, तुमच्या टोळीचं, गार्डचं, मावशीचं, आणि तितर पिल्लं घेऊन निघालं तिथे थांबले असते. तू लाकूड आपटून विचारलं असतंस, "एवढंच लिहिलं?"

मी म्हणाले असते, एवढंच.