कोठीची खोली

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रोजेक्टचा विषय मंजूर! "कार्यक्षम व्यावसायिक स्वयंपाकघर." सही करताना सरांनी वर बघितलंसुद्धा नाही. मी आईचं कॅन्टीन घेतलंय — मोठ्या ऑफिसच्या तळमजल्यावरचं, जिथे ती मुख्य स्वयंपाकीण आहे. ऑफिस यंदा ते मोडून नवीन करणार आहे. मॅनेजर आईला म्हणाले, "मुलगी इंटिरियर डिझाइनच शिकतेय ना? आणू दे तिला ड्रॉइंग. पसंत पडलं तर तेच कंत्राटदाराला देऊ."

सरांना सांगितलं नाही ते इथे लिहिते. मला आई अंधार पडायच्या आत घरी हवी आहे. बाकी काही नाही. बाबांच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून ते पलंगावर, आणि संध्याकाळ माझ्या एकटीच्या गळ्यात. कॉलेजातून यायचं, औषध, शेकायची पिशवी, कूस बदलायला हात, "अगं, ऐकतेस का?" — आई येते तेव्हा तिच्याही अंगात त्राण नसतं. सगळा दोष त्या किचनचा. बदलूनच टाकते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

टेप घेऊन कॅन्टीनला गेले. आई म्हणाली, "माझं किचन मोडायला निघालीस, निदान चहा तरी पिऊन मोड."

काय एकेक मांडणी! फ्रिज उघडला की मागचं दार उघडत नाही. भाज्या धुवायची मोरी एका टोकाला, चिरायचं टेबल दुसऱ्या, आणि मधून उकळती पातेली घेऊन माणसं धावतात. खरकटी ताटं परत येतात तीही वाढायच्याच खिडकीतून. ज्याने हे काढलं त्याने जन्मात कांदा चिरला नसणार. शेवटाला एक कोठीची खोली. दार नाही, नुसती चौकट. आत चार पोती, थोडे डबे, बाकी रिकामी. इतकी जागा फुकट!

दुपारनंतर थांबू का, विचारलं. "कशाला? नुसती आवराआवर असते. तू जा बाबांकडे."

गेले.

८ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर ड्रॉइंग आणि बाबा. "माझ्यापेक्षा त्या पंख्याला जास्त काम आहे गं," म्हणाले. हसलो दोघं. मग पंखा कमी कर. मग वाढव. मान मोडून आलीय.

११ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं! किराणा जर रोज सकाळी येतो तर कोठी हवीच कशाला? खोली उडवली. भिंतीला उंच कपाटं दिली, आणि त्या जागेत मोरी आणि चिरायचं टेबल. आता सगळं एका सरळ ओळीत — माल आला, धुतला, चिरला, शिजला, वाढला. कुणी कुणाला आडवं जात नाही.

सर चक्क खूश झाले. "शाब्बास! बाकीचे खोल्या वाढवत बसलेत, तू एक काढून टाकलीस." मला हवेत तरंगल्यासारखं झालं. पण सरच ते! लगेच पाय जमिनीवर आणले — "दुपारचं काम कुठंय यात? जेवणं झाल्यावर तिथे काय चालतं? बघून ये आधी."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

न सांगता गेले. बाहेर लख्ख ऊन होतं. किचन चकचकीत, फरशी सुकलेली, शेगड्या बंद. माणूस नाही. फक्त भांडी घासणाऱ्या मावशी पिशवी खांद्याला लावून निघाल्या होत्या.

"आई गेली?"

"आत कोठीत आहेत. हाक नको मारूस गं."

"बरं नाही का तिला?"

"चांगली धडधाकट आहे तुझी आई. बसलीय. रोज बसते. तू जा आल्या पावली."

मी चौकटीपर्यंत गेलेच. आई पालथ्या क्रेटवर, पाठ पोत्याला टेकून. चपला काढलेल्या, पाय तेलाच्या डब्यावर. झोपली नव्हती. फोन नाही, पेपर नाही. काहीच करत नव्हती! डोळे उघडे, पण कशावरही नाहीत. घरी तिचा चेहरा सतत कुणाच्या तरी कामात असतो. हा चेहरा मी ओळखत नव्हते.

निघून आले. ती आली रोजच्यासारखी, अंधार पडल्यावर. "आज फार काम होतं गं." मी म्हटलं, "हो का."

१४ फेब्रुवारी, शनिवार

तळपायाची आग मस्तकात गेलीय. रोज! मी इथे पिशव्या गरम करतेय, उशा उचलतेय, आणि बाईसाहेब पोत्याला टेकून! किचन उशीर करतच नाही. तीच करते. आम्हाला टाळते. बाबांना टाळते म्हणू की मला? लिहिलं ते लिहिलं. खोडत नाही.

दिवसभर बोलले नाही तिच्याशी. रात्री जेवताना तिने विचारलं, "डोकं दुखतंय का?" हो म्हटलं. काय सांगणार दुसरं? तिने बाम चोळला. बोटांना कांद्याचा वास. मला तिचा राग राग येत होता आणि तिने हात काढू नये असंही वाटत होतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

वर्ग सुटला. मी बसून राहिले. पेन्सिलींना टोकं केली, ज्यांना होती त्यांनाही. शिपाईकाका झाडू घेऊन आले. "ताई, घरी नाही का जायचं?"

"थोडं काम आहे."

काहीही काम नव्हतं. रस्त्यात दिवे लागल्यावर घरी पोचले. "उशीर झाला गं," बाबा म्हणाले. "फार काम होतं आज." — हुबेहूब आईच्या सुरात! माझं मलाच ऐकू आलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

कोठी परत कागदावर काढली.

मोरी सरकवली, टेबल आखूड केलं, सरळ ओळीला बाक आला. दिसतं वाईटच. पण आधीचं ड्रॉइंग दिलं असतं तर ते खरोखर बांधलं असतं. आणि मग आई बसली कुठे असती? चकचकीत कपाटासमोर उभी?

बाबांनी आजच विचारावं! "तुझी आई एवढं काय करते गं तिथे?" "किचनच तसं आहे बाबा. नवीन झालं तरी वेळ लागणारच." ते छताकडे बघत म्हणाले, "दमत असेल." मला त्यांचीही दया आली. सगळ्यांचीच दया करायला अंगात बळ कुठून आणू?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

तोंडी परीक्षा. सरांचं लाल पेन थेट कोठीवर. "ही परत कुठून उगवली? यात ठेवणार काय?"

"कोरडा शिधा, सर."

"रोज माल येतो, तूच म्हणालीस ना?"

"डेड स्पेस आहे ही, फुकट जागा. विषय कार्यक्षमतेचा आणि मधोमध डेड स्पेस! चांगलं होतं ते बिघडवून आणलंस." जेमतेम पास. वर्गात पहिली येणार होते मी, त्या ओळीच्या जिवावर. वाईट वाटतंय. खूप वाटतंय.

मॅनेजरना मात्र पसंत! त्यांनी वाढायची खिडकी तेवढी बघितली. सोमवारी कंत्राटदाराकडे जाणार.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आईने स्वतःहून ड्रॉइंग मागितलं. चष्मा लावून ओट्यावर पसरलं. मोरी, शेगड्या, खिडकी — सगळं भराभर ओलांडलं. बोट कोठीवर जाऊन थांबलं.

"याला दार नाही दाखवलंस."

"आताही कुठंय?"

"म्हणून तर तू येऊन उभी राहिलेली दिसलीस मला."

मी खाली बघितलं. तिने पेन्सिल माझ्याकडे सरकवली.

"दार काढ. आणि आतून कडी. कुलूप नको बाई, किल्ली कुणीही मागतं."

मी काढायला लागले. पलीकडून बाबांची हाक आली — "अगं, ऐकतेस का?"

दोघींनाही ऐकू आलं. दोघीही लगेच उठलो नाही.